येणारं पाणी, जाणारं पाणी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

नापास! आपला वाफा चक्क नापास. सकाळीच तृप्तीचा फोन. "सर, तापाची गोळी गेली, अंगदुखीची बरीच गेली, शुगरचीही गेली. एक मात्र जशी आत आली तशीच बाहेर पडली." कुठली ते मी विचारलंच नाही. मला ठाऊक होतं.

फिटची गोळी. आरोग्य खात्याच्या आशाताई सांगतात, आमच्या वस्तीत ती गोळी एकच बाई घेते. माझी बायको, केशर.

जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, त्यांचे पेपर तपासले. आता रिटायर झाल्यावर स्वतःच परीक्षेला बसलोय आणि तपासणारी माझीच विद्यार्थिनी. तृप्ती दहावीला माझ्या वर्गात होती, आता संभाजीनगरला पाण्यातल्या औषधांवर पीएच.डी. करते. मागच्या उन्हाळ्यात तिनं आमच्या खालच्या विहिरीचं पाणी नेलं आणि सांगितलं, यात सगळ्या वस्तीच्या गोळ्या आहेत. माणूस गोळी खातो, थोडी अंगी लागते, उरलेली लघवीवाटे बाहेर. शोषखड्डे भरले की लोकांनी नळ्या गटारात सोडून दिलेल्या. गटार जातं विहिरीच्या कडेनं. प्रमाण नगण्य, पण आहे. म्हणजे आम्ही रोज थोडं थोडं एकमेकांचं दुखणं पितोय. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यामुळे विहिरीशिवाय कुणाला पर्याय नाही.

म्हणून हा वाफा. गटाराच्या शेवटाला लांबट खड्डा, खाली शेततळ्याला घालतात तो प्लास्टिकचा कागद, वर खडी आणि वाळू, वाळूत कर्दळ आणि पाणकणीस. पाणी वर दिसत नाही. वाळूच्या आतून, मुळांना घासत हळूहळू पुढं जातं. मुळांभोवती जिवाणू राहतात आणि ते गोळ्या खातात. खायला पाहिजेत! केशरची खात नाहीत.

५ नोव्हेंबर

वाफ्यावर जाऊन आलो. कर्दळ हिरवीगार, पानं ताटाएवढी. दिसायला अव्वल आणि परीक्षेत ढ — असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत.

१० नोव्हेंबर, रविवार

तृप्ती आली. आल्या आल्या वाफ्यात उतरली, कर्दळीचा एक गड्डा उपटला, मुळं हलवून पाहिली, नाकाशी नेली. म्हणाली, "सर, मुळं फार स्वच्छ आहेत. लावताना काही केलं होतं का?"

मी भिवाकडं पाहिलं. भिवा म्हणजे माझा शेजारी, चड्डीत होतो तेव्हापासूनचा सोबती. आल्याची शेती करतो, चांगली करतो. वाफा त्याच्याच हातानं लागलेला. तो छाती पुढं काढून म्हणाला, "केलं म्हंजे? बराबर बीजप्रक्रिया केली. आल्याचं बेणं बुडवतो तसंच. बुरशीचं औषध टाकलं, कूज लागू न्हाई म्हून दुसरं बी टाकलं. रातभर भिजत ठेवल्तं. एक तरी कंद सडला का, दाखवा."

एकही सडला नव्हता. सडवणारे मेले आणि त्यांच्याबरोबर खाणारेही मेले. तृप्ती डोक्याला हात लावून वाळूतच बसली. मला बोलायला तोंड नव्हतं, कारण भिवानं पिंपात औषध ओतल्यावर काठी घेऊन ढवळणारा मीच होतो. शेतकऱ्याच्या पोराला कंद दिसला की हात आपोआप औषधाच्या बाटलीकडं जातो, मग तो विज्ञानाचा मास्तर का असेना. पाण्यातून औषध काढायचा वाफा, आणि त्याची सुरुवात औषधात बुडवून!

भिवाला समजावून सांगितलं तर उलट मलाच म्हणाला, "मंग आधी सांगायचं ना सर, किडे पाळायचेत म्हून."

जेवताना केशरला सांगितलं. ती इतकी हसली की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

१२ नोव्हेंबर

न बुडवलेले कंद पाहिजेत. तृप्तीचं म्हणणं, नुसते न बुडवलेले नकोत, सांडपाण्यावर वाढलेले मिळाले तर फार बरं. ज्या पाण्यात गोळ्या आहेत तिथल्या जिवाणूंना त्यांची सवय झालेली असते. आता असे कंद आणायचे कुठून? आष्टीपर्यंतचे सगळे ओढे डोळ्यापुढून गेले.

संध्याकाळी मोरीत पाय धुवायला गेलो आणि खिडकीतून मागं नजर गेली. केशरची कर्दळ! नव्यानं घर बांधलं तेव्हा तिनं माहेराहून एक गड्डा आणून मोरीच्या पाण्यावर लावला होता. त्याचं आता बेट झालंय. केशरला फिट येऊ लागल्या, गोळी सुरू झाली, तेही त्याच सुमारास. म्हणजे वीसेक वर्षं या मुळांनी तिच्या मोरीचं पाणी, रात्रीबेरात्रीच्या लघवीसकट, प्यायलंय. तिच्या गोळीशी ओळख असलेले जिवाणू कुठं असतील तर इथंच.

तिला म्हणालो. ती म्हणाली, "माझी कर्दळ? आन् मंग भांडे घासताना म्या काय बघू?"

"अर्धी घेतो."

"अर्धी म्हणता आन् समदी नेता. गुळाच्या खड्याचं बी तसंच करता."

बऱ्याच वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं, लाल फुलांची मी न्यायची, पिवळ्या फुलांच्या कर्दळीला हात लावायचा नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

वाफा पुन्हा लावला. जुने कंद उपटले, नवे लावले. भिवाला आधीच बजावलं होतं, एकही कंद धुवायचा नाही, चिखलासकट लावायचा. तो लावत होता, पण तोंड वाकडं करून. "असं घाण बेणं म्या जल्मात लावलं न्हाई सर. कुणी पाह्यलं तर काय म्हणंल."

केशरही आली होती, पदर खोचून. पहिला गड्डा तिनं लावला. लावून झाल्यावर माती थोपटत काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस विचारलं तर म्हणाली, "तुमच्या कामाचं न्हाई ते."

१ डिसेंबर

वाट पाहणे. मुळं धरायला वेळ लागतो.

८ डिसेंबर, रविवार

जेवताना वाफ्याचा विषय निघाला. निघाला कसला, रोज मीच काढतो. आज केशरनं विचारलं, "साऱ्याच्या गोळ्या जाऊन राह्यल्या, मंग माझीच का जात न्हाई?"

मला शिकवायला निमित्तच पाहिजे असतं. चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे ताटात मांडले. तापाच्या गोळीची साखळी अशी सैल, जिवाणू येता-जाता तोडतात. तुझ्या गोळीची कडी मात्र पक्की, तीन कड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, त्यांना दात लावता येत नाही. शेंगदाण्यांची तीन वर्तुळं करून दाखवली. वर्गात दाखवायचो तशीच.

"आन् मंग ती तशीच इहिरीत जाते."

"किंचित."

"भिवा भावजीची सून बी तेच पाणी पिते. सातवा महिना लागला तिला."

मी म्हणालो, अगं, प्रमाण काहीच नाही. हौदभर पाण्यात मोहरीचा दाणा टाकावा, तेवढंसुद्धा नाही. ती खायची थांबली. भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग म्हणाली, "म्हंजे साऱ्या वाफ्याला मी एकलीच आडवी येऊन राह्यले म्हना."

मी हसलो. म्हणालो, "हो. सगळा वर्ग पास, तू एकटी नापास." तीही हसली आणि माझ्या ताटातले शेंगदाणे उचलून घेतले, चटणी राहिली होती.

१९ डिसेंबर

रामप्रसाद आला होता. सरपंच झाल्यापासून पांढरा शर्ट अंगावरून उतरत नाही त्याच्या. फेब्रुवारीत जिल्ह्याहून साहेब पाहणीला येणार आहेत. वाफा पास झाला तर साऱ्या गावाच्या गटाराला असाच मोठा वाफा मंजूर होईल. नाही झाला तर ती जागा कमानीला. "गावाला कमान न्हाई सर, पाहुणे आले की बरं वाटत न्हाई."

मी म्हणालो, अरे, बाकीच्या सगळ्या गोळ्या जातात, एकच राहते.

"एक बी राहू नये. इहिरीत गोळ्या हायेत हे लोकायच्या डोक्यात बसलंय आता. एक राह्यली म्हणलं की समद्या राह्यल्या असंच धरतेत. खर्चा करून मंग मीच तोंडावर पडतो."

त्याचंही खरं आहे. चहा केशरनं आणून दिला. आमच्या घरात भिंती नावालाच, तिनं सगळं ऐकलं असणार.

५ जानेवारी २०२५, रविवार

भिवाच्या शेतात हुरडा. थंडी चांगली. केशर हल्ली तरतरीत दिसते. एरवी दुपारी तिला गुंगी असते, जेवण झालं की आडवी होते. आज सगळ्या बायकांत बसून गप्पा, भिवाच्या सुनेला आग्रह करकरून हुरडा खायला घातला. तिला असं पाहून बरं वाटलं.

१८ जानेवारी, शनिवार

हलली! पक्की कडी हलली! तृप्ती म्हणाली, "सर, जाणाऱ्या पाण्यात ती गोळी निम्म्याच्या आसपास आलीय."

तिचं आणखी एक म्हणणं होतं. विद्यापीठातल्या यंत्रावर सध्या नंबर लागत नाही, म्हणून तिनं फक्त जाणाऱ्या पाण्याची बाटली लावून घेतली. येणाऱ्या पाण्याची फ्रीजरमध्ये ठेवलीय. तोवर येणाऱ्याचा नोव्हेंबरचाच आकडा धरायचा का, असं विचारत होती. मी म्हणालो, धर की. वस्ती तीच, गोळी तीच, घेणारी तीच. बदलतंय काय?

केशरला सांगितलं. तिनं विचारलं, "अजून किती राह्यली?"

"निम्मी."

"जल्दी काय हाय," ती म्हणाली. "जाईल तीबी."

२ फेब्रुवारी

वाफ्याच्या बाहेरच्या नळीखाली ओंजळ धरली. पाणी नितळ. प्यायचा मोह झाला, प्यायलो नाही. अजून एवढा विश्वास नाही बसला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गेली.

तृप्ती फोनवर ओरडतच होती. जाणाऱ्या पाण्यात केशरच्या गोळीचा मागमूस नाही. यंत्राला दिसतच नाही. जगात भल्याभल्या वाफ्यांतून ही गोळी अर्धीमुर्धी जाते म्हणे, आणि आमच्या मोरीमागच्या कर्दळीनं ती सगळी खाल्ली! तृप्तीचा विचार आहे, ती मुळं नेऊन त्यातला जिवाणू वेगळा काढायचा. त्याला नाव द्यावं लागेल म्हणाली. मी म्हणालो, नाव तयार आहे.

धावतच घरी आलो. या वयात धावणं शोभत नाही, पण धावलो. केशर पापडाचं पीठ मळत होती. "झाला ना पास?" माझ्या आधी तिनंच विचारलं. हो म्हणालो. पुन्हा विचारलं, "पुरा पास? काहीच राह्यली न्हाई?" काहीच नाही म्हणालो. तिनं पिठाचे हात तसेच कपाळाला लावून कुणाला तरी नमस्कार केला. संध्याकाळी मांडे केले. मांडे करायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं, हात दुखतात म्हणून.

मी फार खूश आहे. लिहून ठेवतो, नंतर खोटं वाटायला नको.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब येऊन गेले. गाडीतून उतरून वाफ्याकडं पाहिलं, म्हणाले, "हा तर बगीचा आहे." मग तृप्तीनं आकडे सांगितले तेव्हा जरा नीट पाहिलं. रामप्रसादनं नारळ फोडला, मला शाल घातली. गावाच्या गटाराला मोठा वाफा मंजूर होणार. कमान बारगळली. भिवा साहेबांना सांगत होता, "बेणं बुडवायचं न्हाई, धुवायचं बी न्हाई, त्यातच समदी गोम हाय." जसा काही त्यानंच शोध लावला.

४ मार्च

भिवाच्या सुनेला मुलगी झाली. केशर दवाखान्यात पाहून आली. आल्यावर बराच वेळ पदरानं डोळे पुसत होती. "चांगलं हाय लेकरू. बोटं-बिटं समदे बराबर हायेत." मी म्हणालो, नसायला काय झालं?

१२ मार्च, बुधवार

केशरला फिट आली. वर्षानुवर्षं आली नव्हती. तव्यावर भाकरी होती, मी ओट्यापाशी पाणी पीत होतो, आणि ती सरळ खाली. पडताना हात तव्यावर. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली मांडी दिली. करायचं काय ते मला माहीत आहे. भिवानं गाडी काढली. जालना.

१३ मार्च

आलो परत. हाताला पट्टी. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतात ना?" मी छातीठोक सांगितलं, "डॉक्टरसाहेब, इतक्या वर्षांत एक चुकली नाही. मी स्वतः दर महिन्याला मंठ्याहून आणतो." मग ते म्हणाले, डोस कमी पडत असेल, वाढवू. केशर खाली पाहत होती. थकली असेल असं वाटलं.

१७ मार्च, सोमवार

तृप्तीचा फोन आला तेव्हा मी अंगणात होतो. आवाज नेहमीचा नव्हता. "सर, यंत्र मोकळं झालं. फ्रीजरमधल्या येणाऱ्या पाण्याच्या बाटल्या लावल्या. जानेवारीची आणि फेब्रुवारीची."

"मग?"

"येणाऱ्या पाण्यातच ती गोळी नाही सर. जानेवारीत निम्मी आहे. फेब्रुवारीत काहीच नाही. जे आत आलंच नाही ते वाफा काढणार कुठून?"

मी तिला बोललो. बाटल्या बदलल्या असतील, चिठ्ठ्या चुकीच्या लागल्या असतील, हल्लीच्या पोरांचं लक्ष नसतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली, "बाकीच्या गोळ्या नोव्हेंबरएवढ्याच आहेत सर. ही एकच नाही."

वस्ती तीच, गोळी तीच, घेणारी तीच. बदलतंय काय, असं मीच म्हणालो होतो.

फोन ठेवला. आत केशर पट्टीचा हात मांडीवर घेऊन टीव्ही पाहत बसली होती. मला भीती वाटली. तिच्याकडं पाहून भीती वाटावी असं कधी झालं नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही. गोळी मी माझ्या हातानं दिली, समोर उभं राहून. तिनं मुकाट्यानं घेतली आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. तिला कळलं असावं.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी ती मागच्या दारी एका हातानं भांडी घासत होती. मी पाट घेऊन तिच्याशेजारी बसलो. इतक्या वर्षांत तिथं कधी बसलो नव्हतो. म्हणालो, "गोळ्या कुठं आहेत?"

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. हात धुतला, आत गेली, फळीवरचा कुरडयांचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. कुरडयांच्या खाली फडक्यात बांधलेल्या गोळ्या. पाकिटातून एकेक काढलेल्या. रिकामी पाकिटं मला दिसावीत म्हणून.

"मोरीत टाकल्या असत्या तर तुमच्याच वाफ्यात आल्या असत्या," ती म्हणाली. "उकिरड्यावर टाकायला जीव झाला न्हाई. मंठ्याहून आणता तुमी, उन्हातानात."

का, एवढंच मी विचारलं.

"आधी एक दिवसाआड केली. तुमी म्हणले, अजून निम्मी हाय. मंग बंदच केली." भाजीत मीठ कमी केल्याचं सांगावं तसं सांगत होती. "ती पोरगी दोन जिवाची. तिच्या पोटात माझी गोळी कामून जाऊ द्यायची? आन् तुमची ती पाहणी. समदा वर्ग पास आन् मी एकली नापास, तुमीच म्हणले ना."

म्हणालो होतो. हसत हसत म्हणालो होतो, तोंडात घास होता.

राग आला, फार आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. म्हणालो, "अगं, त्या लेकराला काही झालं नसतं. तुला झालं असतं. तू तव्यावर पडलीस. विहिरीवर असतीस तर?"

"मला काय माहीत. तुमी शेंगदाण्यानं शिकवलं."

मग मी रडलो. तिनं रडू दिलं. राहिलेली भांडी विसळली आणि माझ्या पाटाशेजारी पालथी घातली.

दुपारी जालन्याला फोन करून डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्यांनी वाढवलेला डोस परत पहिल्यावर आणला, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. मला बरंच बोलले. ऐकून घेतलं.

२० मार्च

रामप्रसादकडं गेलो. त्याला म्हणालो, वाफा पास नाही. निदान त्या गोळीपुरता तरी नाही. कळवायला पाहिजे.

"सर, साहेबाची सही झाली. आता कोण इचारतंय?"

मग मी सगळं सांगितलं. शाल घातली होती त्याच बैठकीत बसून सांगितलं. जड गेलं, पण केशरनं जीव धोक्यात घालून मिळवलेला पास मला ठेवून घेता येईना. पुढाऱ्याचा चेहरा गेला आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा रामप्रसाद दिसायला लागला. "वाफ्यासाठी? काकूनं?" असं दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "करा पुन्हा तपासणी. पावसाळ्याच्या आत करा. तवर कमानीचं बी थांबवतो अन् मोठ्या वाफ्याचं बी."

तृप्तीचा फोन आला होता. मी तिला त्या दिवशी बोललो त्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "सर, चूक माझीपण आहे. येणारं पाणी न पाहता जाणाऱ्याला मार्क दिले." पुढच्या वेळी दोन्ही बाटल्या एकदमच लावायच्या, नंबर लागेपर्यंत थांबायचं. एवढं तिलाही कळलं आणि मलाही.

२८ मार्च

सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली का म्हणून विचारत होतो. आज केशर चिडली. "रोज इचारू नका. म्या काय पहिलीतली पोर हाय का? घेते म्हणलं ना. का आता भरोसाच न्हाई ऱ्हायला?"

आहे म्हणालो. विचारणार नाही असा शब्द दिला. पाकिटं मोजायची नाहीत, डबे उघडायचे नाहीत. तिनं माझ्याकडून दोन्ही वदवून घेतलं.

हा शब्द पाळणं सोपं नाही. वाफ्याचं काही होवो, मोठा वाफा होवो नाहीतर कमान उभी राहो. पण ती समाधानानं घेते की पुन्हा कुणाच्या तरी पोटातल्या लेकराचा विचार करत बसते, हे मला कसं कळणार?

१४ एप्रिल

जयंती. केशर पांढऱ्या साडीत, भिवाची नात कुशीत. मिरवणुकीत कोपऱ्यापर्यंत चालली. दुपारी जेवण झाल्यावर आडवी झाली आणि लगेच झोप लागली. तिला पूर्वी अशीच गुंगी यायची. मी पंखा वाढवला. काही विचारलं नाही.

२० एप्रिल, रविवार

तृप्ती येऊन पाणी घेऊन गेली. दोन काळ्या बाटल्या, बर्फाच्या डब्यात शेजारी शेजारी. एक येणाऱ्या पाण्याची, एक जाणाऱ्याची. वाफा पाहून म्हणाली, मुळं आता छान घाण झालीत. तिला पोचवायला रस्त्यापर्यंत गेलो आणि डबा नीट धर, सांडू नको, असं उगीचच तीन-तीनदा सांगितलं.

९ मे, शुक्रवार

तृप्तीचा फोन. "सर, आधी कुठलं सांगू?"

"येणारं."

"आहे सर. पूर्ण आहे. नोव्हेंबरएवढीच."

फोन ठेवला. मागच्या दारी गेलो. केशर पिवळ्या कर्दळीसमोर भांडी घासत होती. म्हणालो, "पास."

"वाफा?"

"नाही. तू."

जाणाऱ्या पाण्याचं विचारायचं राहूनच गेलं.